सरवा

आमच्या घरात काही शब्द उच्चारायची सोय नव्हती. शिव्या तर नव्हत्याच, पण 'सरवा' हा साधा शब्दही नव्हता. उत्रोलीसारख्या भाताच्या गावात हा शब्द टाळून राहणं तसं अवघडच. दिवाळीच्या आसपास भोर भागातली खाचरं पिवळी पडतात, विळे बाहेर निघतात. कापलेलं भात खळ्यावर गेलं की खाचरात इथं-तिथं लोंब्या पडून राहतात. त्या वेचायच्या, ओट्यात भरायच्या, घरी आणून हातानं मळायच्या. हाच सरवा. गावातल्या कितीतरी घरांना महिनाभर तरी त्याचा आधार असे. आमच्याकडे मात्र कुणी तो शब्द काढला की अब्बा म्हणत, "आपल्या घरात कधी कुणी सरवा वेचला नाही." आणि दादी उठून चुलीकडे जाई.

दादा कल्हईवाले होते. भाता, कोळशाचं पोतं, नवसागर आणि कथलाची कांडी एवढ्या सामानावर ते भोरच्या चारी बाजूंची गावं फिरत. झाडाखाली खड्डा करून भाता लावत. तापलेल्या पातेल्यावर नवसागर पडला की पांढरा धूर उठे, मग कथील फिरे आणि कापसाच्या बोळ्यानं पुसलं की काळंकुट्ट भांडं आरशासारखं होई. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आमटी कळकते, म्हणून दादांची वाट सगळी घरं पाहत. मजुरी रोख क्वचितच मिळे. कुणी पायलीभर भात देई, कुणी अधोली. सुगीला देऊ असं सांगून सुगीला विसरणारेही असत. धुरानं दादांची छाती लवकर गेली. मी त्यांना पाहिलं ते खाटेवर बसून खोकतानाच.

अब्बा शिकले, प्राथमिक शिक्षक झाले. मी चित्रकलेत बरा होतो, म्हणून १९८४ साली पुण्याला चित्रकला-शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला गेलो. तिथं सरवा माझ्यासमोर आला तो थेट फ्रान्समधून.

वर्गात अंधार करून सरांनी पडद्यावर एक चित्र लावलं. ज्याँ-फ्रान्स्वा मिले या चित्रकाराचं अम्लरेखन, साल १८५५-५६. मूळ छाप वहीच्या पानापेक्षा फार मोठा नाही. कापणी झालेलं शेत, त्यात तीन बायका. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट. मागं लांब गंजी, गाडी, माणसं, सुगीची गडबड. हेच दृश्य मिलेनं पुढं तैलरंगात केलं, ते १८५७ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागलं आणि आज तिथल्याच ओर्से संग्रहालयात आहे. जगाला माहीत आहे ते रंगीत चित्र. सरांनी मुद्दाम काळी छाप दाखवली आणि विचारलं, "या चित्राचा भाव कोणता? प्रतीकं कोणती?"

हात भराभर वर झाले. दारिद्र्य. दैन्य. करुण रस. भूमातेपुढं लीन झालेली माणसं. तीन बायका म्हणजे तारुण्य, प्रौढत्व आणि वार्धक्य. चेहरे दिसत नाहीत म्हणजे गरिबाला ओळख नसते. पाठीमागं धरलेला हात म्हणजे कंबरेची वेदना. सर फळ्यावर लिहीत होते. मी हात वर केला नाही. पडद्यावर काय चाललंय हे त्या वर्गात बहुधा मला एकट्यालाच नीट माहीत होतं, आणि मी गप्प होतो. बोललो असतो तर विचारलं असतं, तुला कसं माहीत?

त्या सत्रात आम्हांला अम्लरेखनाचा एक पत्राही करायला लावला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. त्यावर सुईनं रेखाटायचं. सुई मेण खरवडते, खालचं तांबं उघडं पडतं. पत्रा तेजाबात सोडला की जेवढं उघडं आहे तेवढंच तांबं खाल्लं जातं. जी रेघ फिकी हवी ती लवकर झाकून टाकायची, जी काळी हवी ती जास्त वेळ खाऊ द्यायची. मग मेण काढून खाचांत शाई भरायची, वरची शाई फडक्यानं आणि तळहातानं पुसायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. माझ्या हातात तांबं आलं, नाकात तेजाबाचा वास गेला, आणि फडकं फिरवताना मला दादांचा बोळा आठवला. दादा काळं पुसून भांडं उजळवत. इथं उजळ भाग पुसून काळं राखायचं होतं.

पत्रा करून पाहिला तेव्हा मिलेची छाप मला नव्यानं दिसली. त्या तिघींच्या घागऱ्यांवर रेघांवर रेघा आहेत, दाट आणि जड. मागच्या गंजी, गाडी, माणसं बारीक आणि फिकी. जे विपुल आहे ते धुरकट, जे थोडं आहे ते ठसठशीत. रंगीत चित्रात सोनेरी उजेड आहे. तो सगळ्यांवर सारखा पसरतो आणि पाहणाऱ्याचं मन हळवं करतो. छापेत सोनं नाही. उजेड म्हणजे कोरा कागद. त्यामुळं मला तिथं संध्याकाळचा हळवेपणा दिसला नाही. कापणीनंतरच्या रिकाम्या शेतातलं पांढरं ऊन दिसलं, ज्यात धसकटं पायाला टोचतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या छापेची झेरॉक्स काढून उत्रोलीला आणली. दुपारी अब्बा शाळेत असताना दादीला दाखवली. एका डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून तिनं कागद नाकाशी धरला.

"कौनसे गांव की औरतां हैं रे ये?"

मी म्हणालो, फ्रान्सची. तिला काही फरक पडला नाही. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग जे बोलली ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं. आमच्या घरच्या दखनीत बोलली, इथं मराठीत देतो.

"हिचा हात दुखत नाही, कंबरही दुखत नाही. दुखत असेल तरी हात त्यासाठी मागं नाही. मुठीत लोंब्या आहेत बघ. पुढं धरल्या तर वाकताना आड येतात, म्हणून मागं धरायच्या. आणि तोंड कसं दिसेल? सरवा वेचताना कुणी वर बघतं का? बघायचंच नसतं. ओळखीचं कुणी बांधावरून जाईल म्हणून पदर पुढं ओढायचा." मग तिसरीवर बोट ठेवून म्हणाली, "ही मात्र थांबलीय. मूठ भरली म्हणून की आणखी कशानं, ते हिचं हिला ठाऊक."

मी विचारलं, "दादी, या दु:खी आहेत का?"

"कामात आहेत," ती म्हणाली. "दु:खाला घरी गेल्यावर वेळ."

सरांच्या फळ्यावरचं एकेक प्रतीक तिनं असं पुसून टाकलं. लीन होणं मात्र तिच्या मनात वेगळ्या वाटेनं आलं. तिला वाझमध्ये ऐकलेली बागवाल्यांची गोष्ट पाठ होती. कुरआनातल्या सूरह अल्-कलममध्ये ती आहे. काही भाऊ ठरवतात की भल्या पहाटेच बागेची तोड उरकायची, म्हणजे कुणी गरीब आत शिरणार नाही. सकाळी जाऊन पाहतात तर बाग रातोरात उजाड झालेली असते. कापणीच्या दिवशी पिकाचा हक्क देऊन टाका, असं सूरह अल्-अनआममध्ये सांगितलं आहे. उश्रचा हिशोब आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असतो. पावसाच्या पिकावर दहावा हिस्सा, पाणी देऊन काढलेल्या पिकावर विसावा. दादीला कायदा ठाऊक नव्हता, पण सरव्याला ती भीक मानत नव्हती. "मालकानं उचललं नाही ते त्याचं नाही," एवढं तिचं साधं म्हणणं.

हे फक्त आपल्याकडे आहे असं नाही, हे मला पुढं वाचताना कळलं. बायबलमधली रूथ परक्या शेतात सरवाच वेचते. फ्रान्समध्ये १५५४ च्या राजाज्ञेनं गरिबांना कापणीनंतर सरवा वेचायची मुभा दिली होती, पण दिवस मावळायच्या आत. इंग्लंडमध्ये मात्र १७८८ साली न्यायालयानं ठरवलं की सरवा वेचणं हा कुणाचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे मिलेचं चित्र ज्या वादावर उभं आहे तो वाद जुना होता. लोंबी कुणाची? ज्यानं पेरली त्याची, की ज्याला ती वाकून दिसली त्याची?

मिले स्वतः शेतकऱ्याच्या घरात, नॉर्मंडीत १८१४ साली जन्मला. १८४९ पासून पॅरिसजवळच्या बार्बिझोन खेड्यात राहिला. त्याच्या थोड्याशा अम्लरेखनांत लोणी घुसळणारी बाई आहे, खणणारे दोघे आहेत, लोकर पिंजणारी आहे. तो आपल्या लोकांना ओळखत होता. पण १८५७ च्या प्रदर्शनात शहरी पाहुण्यांना त्या तीन वाकलेल्या बायकांच्या पाठीमागं चक्क १७९३ च्या क्रांतीतले भाले आणि वधस्तंभ दिसले, असं एका टीकाकारानं लिहिलं. १८४८ चा उठाव ताजा होता, म्हणून त्यांची भीती समजू शकते. तरी गंमत वाटते. पुण्यातल्या वर्गाला त्याच तिघींत करुण रस दिसला, पॅरिसच्या पैसेवाल्यांना दंगल दिसली. लोंब्या दिसल्या त्या दादीला.

त्या संध्याकाळी मी झेरॉक्स भिंतीवर चिकटवली. अब्बा घरी आले, सायकल लावली, आत आले आणि उभेच राहिले.

"घर में टांगने को यहीच तस्वीर मिली?"

मी मिलेबद्दल, कलेबद्दल काहीतरी बोलू लागलो. त्यांनी कागद काढला. फाडला नाही, नीट घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. दादी चुलीशी होती, एक शब्द बोलली नाही. मला तेव्हा वाटलं, मास्तर झालेल्या माणसाला गरिबीची लाज वाटते आहे. त्या वयात बापाबद्दल असं काही वाटून घेणं सोपं असतं. मी पुढची पंचवीस वर्षं तेच धरून चाललो.

दरम्यान मीही शिक्षक झालो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली. जमेल तेव्हा वर्गात चित्रं दाखवली. मिलेच्या शेजारी झैनुल आबेदीन यांची चित्रं ठेवायचो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात या तरुण चित्रकारानं साध्या कागदावर काळ्या शाईनं भुकेली माणसं काढली. तेच चित्तप्रसाद यांनी केलं. पुढं ते मुंबईला अंधेरीत राहिले. मुलांना मी फरक शोधायला सांगे. दुष्काळातली माणसं बसलेली, आडवी पडलेली दिसतात. वाकायला जमिनीवर काही उरलेलंच नाही. मिलेच्या बायका वाकल्या आहेत, कारण खाली अजून लोंबी आहे. एवढं मी सांगायचो. आमच्या घरचं कधी सांगितलं नाही. अब्बांचं ऐकून ऐकून माझ्याही तोंडी तोच टाळा बसला होता.

दादी १९९१ मध्ये गेली. अब्बा निवृत्त होऊन उत्रोलीतच राहिले. २००९ च्या सुगीत मी गावी गेलो होतो. आम्ही दोघं नमाज आटोपून बांधावरून फिरत होतो. एका खाचरात दोन कातकरी बाया उंदरांची बिळं उकरत होत्या. उंदीर बिळात लोंब्या साठवतात, त्या काढून घेण्यासाठी. अब्बा थांबले. मला वाटलं, नेहमीसारखे तोंड फिरवून पुढं जातील. ते म्हणाले, "मी आठ वर्षांचा होतो."

मग चालता चालता त्यांनी सांगितलं. भोर संस्थान अजून विलीन व्हायचं होतं. दादा छातीनं आजारी, भाता बंद. दादी त्यांना घेऊन सरव्याला जाई. एका मालकानं एक दिवस बांधावर अडवलं, ओटा झाडायला लावला. दिवसभर वेचलेलं खाली धुळीत पडलं. शेजारच्या खाचराच्या मालकिणीनं ते पाहिलं. तिनं सूपभर भात आणून पुढं केलं. दादीनं ते घेतलं नाही. म्हणाली, "बाई, सरवा असता तर घेतला असता. हे तुमच्या राशीतलं आहे." आणि मुलाचा हात धरून घरी आली.

"मला राग आला होता," अब्बा म्हणाले. "भूक लागली होती. अंधार पडल्यावर मी परत गेलो. त्या बाईच्या दारात उभा राहिलो. तिनं काही विचारलं नाही, सूप माझ्या सदऱ्यात रिकामं केलं. घरी येऊन मी सांगितलं, दुसऱ्या वावरात सरवा सापडला."

मी काही बोललो नाही. ते पुढं म्हणाले, "तुला कळलं का? सरवा लोंब्यांचा असतो. माझ्या सदऱ्यात झोडलेलं, पाखडलेलं भात होतं. आईनं हात घातला आणि लगेच ओळखलं. काही बोलली नाही. उखळात घातलं, कांडलं, शिजवलं. मला वाढलं, बापाला वाढलं. स्वतः जेवली नाही. त्यानंतर मला कधी बरोबर नेलं नाही."

म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचं वाचत होतो. घरात 'सरवा' हा शब्द नको होता तो आईनं सरवा वेचला म्हणून नव्हे. तिनं जे नाकारलं ते मुलानं मागून आणलं, आणि तिनं ते ओळखूनही त्याला वाढलं, याचं ओझं होतं. "आपल्या घरात कधी कुणी सरवा वेचला नाही," हे वाक्य ते जगाला ऐकवत नव्हते. त्या एका रात्रीपासून पळत होते. आणि दर वेळी दादी उठून चुलीकडे जाई ती त्यांना तोंड लपवायला जागा द्यावी म्हणून, असं आता मला वाटतं.

चित्र वाचायचं म्हणजे काय, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. रेघ बघा, उजेड बघा, कोण जवळ आहे कोण लांब आहे ते बघा. प्रतीक शेवटी शोधा, आणि नाही सापडलं तर राहू द्या. पण बापाच्या एका वाक्याचा भाव मला पंचवीस वर्षांत कळला नव्हता. वर्गातल्या मुलांनी तिघींवर दैन्य चिकटवलं तसंच मी अब्बांवर लाज चिकटवली होती.

घरी आल्यावर अब्बांनी ट्रंक उघडली आणि घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर शाई उडाली होती, पण तिघी शाबूत होत्या. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मी वाट पाहत होतो की ते त्या तिसरीबद्दल काहीतरी बोलतील, जी थांबली आहे. तिनं सूप नाकारलं असेल का, असं माझ्याच मनात येत होतं. अब्बांनी वेगळंच विचारलं.

"यात पोरगं का नाही?"

मी पाहिलं. खरंच नव्हतं. तीन बायका, मागं सुगी, पण जवळपास एकही मूल नाही. दादीनं त्या चित्रातलं सगळं बरोबर सांगितलं होतं, पण हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि ती बोलली नसेल.

"सरव्याला बाई एकटी जात नाही," अब्बा म्हणाले. "पोरगं असतंच. बारीक लोंबी त्यालाच दिसते."

अब्बा २०१६ साली गेले. उत्रोलीच्या आसपासची काही खाचरं आता प्लॉट झाली, तारेची कुंपणं आली. भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेकडे बारामती, इंदापूर, फलटणला जातं. वरच्या बाजूला आम्ही अजून आभाळाकडेच पाहतो. सरवा वेचणारं कुणी क्वचित दिसतं. कातकरी बाया दिसतात, त्यांना बांधावरून हटकणारेही दिसतात. मी वावराचा मालक नाही, त्यामुळं कुणाला अडवायचा वा सोडायचा प्रश्न माझ्यापुढं येत नाही. एवढंच करतो की हटकणारा ओळखीचा असला तर थांबतो आणि त्याच्याशी बोलतो.

ती झेरॉक्स मी काचेत बसवून बाहेरच्या खोलीत लावली आहे. घड्यांच्या पांढऱ्या रेघा तशाच ठेवल्या. एक रेघ पहिल्या दोघींच्या मधून जाते. तिथं शाई उडून जी मोकळी जागा झाली आहे, ती आठ वर्षांच्या मुलाला उभं राहायला पुरेल एवढी आहे.